ओवो: मंगोलियातल्या पवित्र दगडी राशींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगोलियाच्या फोटोंमध्ये माळरान, पांढरे गोल तंबू आणि घोडे असतातच. त्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट हमखास दिसते. खिंडीत किंवा टेकडीच्या माथ्यावर रचलेली दगडांची रास, तिच्यात मधोमध रोवलेला खांब आणि त्याला गुंडाळलेली निळी रेशमी वस्त्रं. ही रास म्हणजे ओवो. लडाख किंवा स्पिती पाहून आलेल्या मराठी माणसाला ती ओळखीची वाटते आणि बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ओवो म्हणजे नेमकं काय?

ओवो ही पूजेची जागा आहे. आत मूर्ती नसते, गाभारा नसतो, दार नसतं आणि पुजारीही कायम बसलेला नसतो. जमिनीवरच दगड रचत जातात, मध्ये लाकडी खांब किंवा झाडाच्या फांद्या खोचतात आणि त्यांना 'खदग' म्हणजे रेशमी वस्त्राच्या पट्ट्या बांधतात. खदग पाच रंगांचे असतात: निळा, पांढरा, हिरवा, पिवळा आणि लाल. त्यातला निळा सगळ्यात जास्त दिसतो, कारण तो आकाशाचा, 'मोंख खोख तेंगेर' म्हणजे शाश्वत निळ्या आकाशाचा रंग.

ओवो कधीच 'बांधून पूर्ण' होत नाही. येणारा प्रत्येक जण एक दगड ठेवून जातो, त्यामुळे रास वाढत राहते. जुना, मोठा ओवो पाहताना तिथून कितीतरी पिढ्या गेल्या आणि थांबल्या हे समोर दिसतं.

तिथे पूजा कुणाची होते? दगडांची?

दगडांची नाही. मंगोल पशुपालकांच्या समजुतीप्रमाणे प्रत्येक डोंगराला, खिंडीला, झऱ्याला आणि कुरणाला एक मालक असतो. त्याला 'गाझरीन एझेन' म्हणजे जमिनीचा धनी म्हणतात. कोकणात आणि गोव्यात 'राखणदार' म्हटल्यावर जे मनात येतं, त्याच्या हे बरंच जवळ जाणारं आहे. माणूस त्या जमिनीवर राहतो, गुरं चारतो, पाणी पितो, पण जमीन त्याची नसते. तो पाहुणा असतो. ओवो ही त्या धन्याला भेटण्याची, त्याची आठवण ठेवण्याची आणि त्याच्याकडे परवानगी मागण्याची जागा आहे. माझ्या मते ओवो समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट पक्की धरावी. बाकीचे सगळे विधी हिच्यातूनच निघतात.

या धन्यांना मिळून 'लुस सावदाग' असंही म्हणतात. लुस हे पाण्यातले, झऱ्या-तळ्यांतले. सावदाग हे जमिनीचे स्वामी. हे शब्द तिबेटी परंपरेतून आले आणि लुस म्हणजे आपल्या भारतीय परंपरेतले नाग. बौद्ध ग्रंथांबरोबर नाग हिमालय ओलांडून तिबेटमध्ये आणि तिथून मंगोल माळरानावर पोचले. पाणी गढूळ केलं, झऱ्यात घाण टाकली, जमीन उगाच खणली तर लुस रागावतात आणि मग आजारपण किंवा दुष्काळ येतो, अशी श्रद्धा आहे.

पशुपालकाला ही भीती पोकळ वाटत नाही, कारण त्याचं सगळं जगणं हवामानावर टांगलेलं असतं. मंगोलियात 'झुद' नावाची आपत्ती येते: बर्फाचा असा कडक थर की जनावरांना खालचं गवत मिळतच नाही. २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून अधिक जनावरं दगावली. सगळी शिदोरी कळपाच्या रूपात बाळगणारा माणूस आकाशाला आणि डोंगराला नमस्कार का करतो, हे त्यावरून कळतं.

सगळे ओवो सारखेच असतात का?

नाही. रूपात फरक असतो आणि कामातही.

रूपाचं सांगायचं तर दगड मिळेल तिथे दगडांचा आणि जंगल असेल तिथे लाकडांचा. उत्तरेकडे खोव्सगोल सरोवराच्या परिसरात लांब ओंडके आणि फांद्या एकमेकांना टेकवून उभा केलेला शंकूच्या आकाराचा ओवो दिसतो. काही ठिकाणी एकाच वेळी तेरा ओवो असतात, मधला मोठा आणि भोवती बारा लहान. बौद्ध स्पष्टीकरणात मधला म्हणजे मेरू पर्वत आणि बाकीची त्याभोवतीची बारा द्वीपं. मेरू आपल्याला परका नाही.

कामाचं म्हणाल, तर खिंडीतले ओवो वाटसरूंचे असतात, येणारा-जाणारा कुणीही तिथे दगड ठेवतो. गावच्या, म्हणजे 'नुताग'च्या ओवोवर त्या परिसरातली कुटुंबं वर्षातून एकदा जमतात. नुताग म्हणजे आपण जिथे जन्मलो आणि जिथली कुरणं आपली, तो मुलूख. शहरात स्थायिक झालेली माणसंही यासाठी मूळ नुतागला परततात. काही ओवो झऱ्यांचे, काही मठांचे, काही शमनांच्या, म्हणजे अदृश्य शक्तींशी बोलणाऱ्या मांत्रिकांच्या, स्मृतीचे.

चीनच्या मांचू म्हणजे छिंग राजवटीत ओवोला आणखी एक काम मिळालं. मंगोल प्रदेशाचे 'खोशू' नावाचे प्रशासकीय विभाग पाडले गेले आणि त्यांच्या सीमा ओवोंनी आखल्या गेल्या. खोशूच्या मुख्य ओवोची पूजा हा तिथल्या सरदाराच्या सत्तेचाच भाग झाला. १७२७ च्या क्याख्ता तहानंतर रशिया आणि छिंग साम्राज्य यांच्यातली सीमासुद्धा दगडांच्या राशी रचून दाखवली गेली. म्हणजे दोन साम्राज्यांची हद्दही त्या मुलखात दगडांच्या राशींनीच ओळखली जात होती.

हे थडगं आहे का?

नाही. हा गोंधळ होतो तो 'खिरिगसूर'मुळे. खिरिगसूर हे कांस्ययुगातले, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे दगडी ढिगारे. त्यांच्याभोवती दगडांचं गोल किंवा चौकोनी कुंपण असतं आणि अनेकदा आत दफन असतं. त्यांच्या जवळपास हरणांच्या आकृती कोरलेले उभे दगडही सापडतात. त्या हरिणशिळांना आणि संबंधित स्थळांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. काही जुन्या खिरिगसूरांवर नंतरच्या लोकांनी दगड ठेवून आणि खदग बांधून त्यांचे ओवो केले आहेत, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला फरक कळणं अवघड जातं. पण मुळात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाटेत ओवो लागला तर लोक काय करतात?

थांबतात, उतरतात आणि ओवोभोवती तीन प्रदक्षिणा घालतात. दिशा सूर्याची, म्हणजे आपल्याच प्रदक्षिणेसारखी, ओवो उजव्या हाताला ठेवून. फेरी घालताना जमिनीवरचे दगड उचलून राशीवर ठेवतात. त्या वेळी म्हणायचं एक वाक्य मंगोलियात सगळ्यांना पाठ असतं. त्याचा भाव असा: ओवोचं मोठेपण तुम्हाला, मोठा लाभ आम्हाला. मला हे वाक्य फार आवडतं. त्यात लाचारी नाही. समोरच्याला सरळ मान द्यायचा आणि आपलं मागणं सरळ सांगायचं, एवढंच.

सोबत जे असेल ते वाहतात: दूध, घोडीच्या दुधाचा आंबवलेला 'आइराग', 'आरूल' म्हणजे वाळवलेल्या दह्याचे कडक तुकडे, गोळ्या-मिठाई, नोटा. वोडका असेल तर तिचे थेंब अनामिकेने आकाशाकडे उडवतात. घाईत असलेला ड्रायव्हर गाडी थांबवत नाही, पण तीन वेळा हॉर्न वाजवून पुढे जातो. कारण तेच, धन्याच्या दारावरून न बोलता जायचं नाही.

वार्षिक पूजा कशी होते?

तिला 'तखिलगा' म्हणतात. ती बहुधा उन्हाळ्यात किंवा शरदाच्या सुरुवातीला, चांद्र पंचांगावरून दिवस काढून करतात. गवत वर आलेलं असतं, जनावरं धष्टपुष्ट असतात, दूध भरपूर असतं. त्या काळातच माणसाकडे देण्यासारखं काही असतं.

लोक चांगले कपडे, म्हणजे 'देल' नावाचा लांब अंगरखा आणि कमरेला रेशमी पट्टा घालून पहाटे निघतात. डोक्यावर टोपी असते, कारण मंगोल रीतीत मान देताना टोपी घालायची असते. वर पोचल्यावर ओवोची डागडुजी होते. घसरलेले दगड नीट रचले जातात, नव्या फांद्या खोचल्या जातात, नवे खदग बांधले जातात. मग जुनिपरची सुकी पानं जाळून धूप करतात. ही वनस्पती मंगोल घरात आणि विधीत सगळीकडे असते, 'आर्त्स' हे तिचं नाव. लामा असतील तर ते पोथी वाचतात. त्या पोथीत त्या विशिष्ट डोंगराच्या धन्याचं वर्णन असतं: त्याचा रंग, त्याचं वाहन, त्याची शस्त्रं. अनेक ठिकाणी हा धनी घोड्यावर बसलेला योद्धा म्हणून येतो.

समोर दुधाचे पदार्थ आणि उकडलेलं मेंढीचं मांस मांडलेलं असतं. दूध शिंपडायला 'त्सात्साल' नावाची लाकडी पळी असते. तिच्या पानावर नऊ लहान खळगे कोरलेले असतात, त्यामुळे एकदा झटकली की दुधाचे नऊ शिंतोडे उडतात. नऊ हा मंगोलांचा शुभ आकडा. गावाकडच्या बायका हीच पळी घेऊन रोज सकाळी तंबूबाहेर पहिल्या चहाचे किंवा दुधाचे शिंतोडे चारी दिशांना उडवतात. ओवोवर जे वर्षातून एकदा होतं त्याचं छोटं रूप दारात रोज होत असतं.

विधीतला मला सगळ्यात भावणारा भाग म्हणजे 'दालगा'. लोक हातात नैवेद्याचं ताट किंवा दुधाचं भांडं घेतात, हात सूर्याच्या दिशेने गोल फिरवतात आणि सगळे मिळून म्हणतात, "खुराई, खुराई, खुराई!" भाग्य, पाऊस, कळपाची वाढ, लेकराबाळांचं सुख या सगळ्याला ती एकत्र हाक असते. ताटातला तो पदार्थ मग घरी नेतात आणि वाटून खातात.

यानंतर जत्रा. मांस आणि आइराग वाटला जातो, कुस्त्या होतात, घोड्यांच्या शर्यती लागतात, काही ठिकाणी धनुर्विद्या. हे खेळ करमणुकीसाठी आहेतच, पण ते त्या धन्यालाही दाखवायचे असतात. त्याच्या मुलखातली माणसं आणि घोडी दमदार आहेत हे पाहून तो खूश होतो. दरवर्षी ११ ते १३ जुलैला उलानबातरमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय नादाम उत्सवात हेच तीन खेळ असतात. तो उत्सव १९२१ च्या क्रांतीच्या स्मृतिदिनाला जोडलेला असला, तरी त्याची एक जुनी मुळी ओवोच्या पायथ्याशी पोचते.

ही प्रथा शमनांची की बौद्धांची?

दोन्ही, आणि दोघांच्या आधीचीही.

आकाशाला, डोंगराला आणि पूर्वजांना मानण्याची रीत मंगोल लोकांमध्ये बौद्ध धर्माच्या आधीपासून होती. 'बो' म्हणजे शमन या शक्तींशी बोलत. पण ओवोच्या पूजेला शमन लागतोच असं नव्हतं. अनेक ठिकाणी गावातले वडीलधारे पुरुषच ती करत आणि आजही करतात.

१५७८ मध्ये मंगोल राजा आल्तान खान आणि तिबेटी धर्मगुरू सोनाम ग्यात्सो यांची भेट झाली. 'दलाई लामा' ही पदवी त्या भेटीतून आली. त्यानंतर तिबेटी बौद्ध धर्म मंगोल प्रदेशात झपाट्याने पसरला. शमनांवर बंदी आली, त्यांच्या पूजेतल्या प्रतिमा जाळल्या गेल्या. ओवो मात्र टिकले. लामांनी ते मोडले नाहीत, त्यांना आपलंसं केलं. डोंगराचा धनी बौद्ध धर्माचा रक्षक झाला, रक्ताच्या जागी दुधाचे पदार्थ आले, पोथ्या लिहिल्या गेल्या. ओवो कसा उभारावा, पायात काय पुरावं, कोणत्या दिशेला काय असावं याचे नियम अठराव्या शतकापर्यंत ग्रंथांत आले. धान्य, रत्नं, औषधी वनस्पती, शस्त्रं अशा गोष्टी पायात ठेवायला सांगितल्या आहेत. आज चीनमध्ये असलेल्या आंतर मंगोलियातल्या उराद भागातले मेर्गेन गेगेन (१७१७ ते १७६६) यांनी तर तिबेटीऐवजी मंगोल भाषेतच प्रार्थना रचल्या. पोथी लोकांना कळावी ही त्यांची तळमळ होती, आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या भाषेत वाढलेल्या वाचकाला तिचं मोल वेगळं सांगायला नको.

आज एकाच ओवोवर सकाळी लामा पोथी वाचताना आणि दुसऱ्या दिवशी शमन डफ वाजवताना दिसू शकतो. यात विसंगती शोधायची घाई करू नये. तिथल्या माणसांना ती वाटत नाही.

चंगीज खान ओवो पूजत होता का?

डोंगर पूजत होता हे नक्की. तेराव्या शतकातल्या 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात प्रसंग आहे. मेर्किद टोळीने हल्ला केला तेव्हा तरुण तेमुजिन, म्हणजे पुढचा चंगीज खान, बुर्खान खाल्दुन डोंगरात लपून वाचला. संकट टळल्यावर त्याने कमरपट्टा गळ्यात अडकवला, टोपी हातात घेतली, छातीवर हात आपटून सूर्याकडे तोंड करून नऊ वेळा नमन केलं आणि पेय शिंपडून प्रार्थना केली. या डोंगराची पूजा मी रोज करीन आणि माझ्या वंशजांनी ती लक्षात ठेवावी, असं तो म्हणाला. पट्टा आणि टोपी उतरवणं म्हणजे स्वतःची सत्ता बाजूला ठेवणं. त्या वर्णनात दगडांच्या राशीचा उल्लेख नाही. मात्र आज बुर्खान खाल्दुनवर ओवो आहेत आणि पूजा त्यांच्याजवळ होते.

घोड्यांच्या कवट्या आणि कुबड्या तिथे का ठेवतात?

शर्यती जिंकलेला किंवा आयुष्यभर सोबत केलेला लाडका घोडा मेला, की त्याची कवटी उंच जागी, ओवोवर नेऊन ठेवतात. जमिनीवर ती कुणाच्या पायाखाली येऊ नये. घोड्याला दिलेला तो शेवटचा मान आहे. पाहून दचकू नका आणि तिच्याबरोबर फोटो काढत बसू नका.

कुबड्या आणि प्लास्टर ही बरं झाल्याची खूण. दुखणं इथे सोडून चाललो, असं म्हणून माणूस ती ठेवून जातो.

प्राण्यांचा बळी देतात का?

बौद्ध प्रभावाच्या ठिकाणी ओवोवर बळी देत नाहीत. मांस वाहिलं तरी ते घरी शिजवून आणलेलं असतं. शमन परंपरेतल्या काही समाजांत मेंढी कापण्याची रीत आहे.

याच्या बरोबर उलट अशी 'सेतेर'ची रीत मात्र आवर्जून सांगायला हवी. कळपातला एखादा घोडा, मेंढा किंवा याक डोंगराच्या धन्याला अर्पण करतात, म्हणजे त्याला मारत नाहीत, विकत नाहीत. त्याच्या मानेवर किंवा आयाळीत रंगीत फीत बांधतात आणि तो आयुष्यभर कळपात मोकळा राहतो. मालक तोच, पण आता जनावर त्याचं नाही.

स्त्रियांना ओवोवर जाता येतं का?

वाटेवरच्या आणि खिंडीतल्या ओवोंवर जाता येतं, प्रदक्षिणा घालता येते, दगडही ठेवता येतो. पण काही पवित्र डोंगरांच्या माथ्यावर स्त्रियांना परंपरेने मनाई आहे. आग्नेय मंगोलियात दारिगांगा इथला आल्तान ओवो हा विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर आहे. जवळच गंगा नूर नावाचं सरोवर आहे. या डोंगरावर फक्त पुरुष चढतात आणि स्त्रिया पायथ्याशी पूजा करतात. बुर्खान खाल्दुनवरही हीच रीत आहे.

आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावरून २०१६ मध्ये जे झालं, त्यानंतर मराठी वाचकाला हा प्रश्न पडणारच. मंगोलियातही तो विचारला जातो, आणि माझं स्वतःचं मत मनाईच्या विरुद्ध आहे. पण तो बदल तिथल्या स्त्रियांनी घडवायचा आहे. प्रवाशाने पायथ्याशी थांबावं.

समाजवादी काळात काय झालं?

१९२१ च्या क्रांतीनंतर मंगोलिया सोव्हिएत प्रभावाखाली गेला. १९३७ ते १९३९ या काळात सर्वात भयंकर दडपशाही झाली. देशातले शेकडो मठ उद्ध्वस्त झाले आणि हजारो लामांना ठार मारलं गेलं. ओवोची सार्वजनिक पूजा बंद झाली. ती अंधश्रद्धा ठरली, आणि पूजा करणाऱ्याची नोकरी, प्रसंगी स्वातंत्र्यही धोक्यात येई.

पण मठ पाडता येतो तसा डोंगर पाडता येत नाही. लोक रात्री किंवा एकट्याने जात राहिले, वाटेत गाडी थांबवून गुपचूप दगड ठेवत राहिले. पोथ्या पुरल्या गेल्या, ट्रंकांच्या तळाशी लपवल्या गेल्या. १९९० मध्ये लोकशाही क्रांती झाल्यावर पूजा पुन्हा उघडपणे सुरू झाली, तेव्हा विधी आठवणारे फार थोडे वृद्ध उरले होते. त्यांच्याकडून ऐकून, सापडलेल्या पोथ्या वाचून एकेका ओवोची तखिलगा पुन्हा उभी राहिली.

या पुनरुज्जीवनात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे १९९० ते २००० या काळात मंगोलियात भारताचे राजदूत होते. बौद्ध धर्म पुन्हा उभा करायला त्यांनी मनापासून मदत केली आणि १९९९ मध्ये उलानबातरमध्ये पेथुब मठ सुरू केला. मंगोलियात त्यांचं नाव आजही आदराने घेतात. भारतात ते फार कमी जणांना माहीत आहे, याची खंत वाटते.

आता सरकारचा यात काही भाग आहे का?

आहे. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पुन्सालमागीन ओचिरबात यांनी आदेश काढून बोग्द खान, बुर्खान खाल्दुन आणि ओत्गोन्तेंगेर या तीन डोंगरांच्या शासकीय पूजेची परंपरा पुन्हा सुरू केली. पुढे या यादीत आणखी डोंगर आले. ठरावीक वर्षांनी होणाऱ्या या पूजांना राष्ट्राध्यक्ष स्वतः जातात.

यातला बोग्द खान उलानबातरच्या दक्षिणेला, शहराला लागूनच आहे. १७७८ मध्ये छिंग दरबाराने त्याला अधिकृत संरक्षण दिलं. शिकार आणि झाडतोड बंद झाली. जगातल्या सगळ्यात जुन्या संरक्षित क्षेत्रांत त्याचं नाव घेतात आणि त्याच्या रक्षणाचं मूळ कारण भक्ती हे आहे. १९९६ पासून तो युनेस्कोचा जीवावरण राखीव प्रदेशही आहे.

युनेस्कोने काय मान्यता दिली आहे?

दोन वेगळ्या मान्यता आहेत. बुर्खान खाल्दुन आणि त्याभोवतीचा पवित्र प्रदेश २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. पवित्र स्थळं पूजण्याची मंगोल परंपरा २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या तातडीने जतन करायच्या यादीत आली. दुसरी यादी महत्त्वाची. परंपरा जिवंत आहे, पण विधी जाणणारे कमी होत आहेत, असा तिचा अर्थ.

मंगोलियाबाहेर ओवो आहेत का? लडाखमध्ये दिसतात ते हेच का?

चीनच्या आंतर मंगोलियात आहेत. तिथली ओवोपूजा २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत आली. पर्यटकांसाठी नव्याने उभारलेले ओवोही तिथे बरेच दिसतात. रशियातल्या बुर्यातिया आणि तुवा या प्रदेशांतही ही परंपरा आहे.

लडाखच्या खिंडींत दिसणाऱ्या दगडांच्या राशी आणि पताका या तिबेटी 'ल्हात्से', 'ल्हातो' परंपरेतल्या. नातं जवळचं आहे, पण ओवो ही वेगळी, स्वतःच्या इतिहासाची गोष्ट आहे. मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबलचक मणी भिंती तर आणखी वेगळ्या. मंगोलियातच पश्चिमेच्या बायान-उल्गी प्रांतात कझाख मुस्लिम बहुसंख्य आहेत आणि त्यांच्यात ओवोपूजा नाही.

ओवोमुळे निसर्ग खरंच राखला जातो का?

बऱ्याच अंशी हो. ओवोच्या परिसरात झाड तोडायचं नाही, शिकार करायची नाही, खणायचं नाही, झऱ्यात कपडे धुवायचे नाहीत. हे नियम कुठल्याही वनखात्याच्या आधीचे आहेत, आणि मोडणाऱ्याला शेजाऱ्यांची लाज वाटते म्हणून ते टिकतात. सोन्याच्या खाणींविरुद्धच्या आंदोलनांतही हा आधार कामी आला. उत्तरेकडच्या नोयोन डोंगराच्या परिसरात खाण होऊ नये म्हणून लोक उभे राहिले, तेव्हा तिथल्या शिओंग्नू या प्राचीन भटक्या लोकांच्या दफनभूमीइतकंच डोंगराचं पावित्र्यही त्यांच्या बोलण्यात होतं.

पण आज पूजाच काही ठिकाणी डोंगराला त्रास देते आहे. पूर्वी खदग रेशमाचे असत, आता बहुतेक नायलॉनचे. ते कुजत नाहीत, झाडाच्या खोडाला आवळून बसतात. रिकाम्या बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्या, जुने टायर ओवोच्या कडेला साठतात. मंगोलियातले अनेक लामा, शमन आणि तरुण गट आता हेच सांगत आहेत की धन्याला कचरा वाहू नका. आपल्या गडांवर आणि देवस्थानांच्या वाटांवर जे दिसतं, ते पाहता हे बोलणं आपल्यालाही नीट कळतं.

प्रवासी म्हणून मी काय करावं आणि काय करू नये?

गाडी थांबली की तुम्हीही उतरा आणि तीन प्रदक्षिणा घाला. धर्म कोणताही असो, तुम्ही सामील झालात याचा स्थानिकांना आनंदच होतो. जमिनीवर पडलेला दगड ठेवा. राशीतला दगड, नाणं किंवा खदग उचलून स्मृतिचिन्ह म्हणून आणू नका, ही सर्वात मोठी चूक समजली जाते. ओवोवर चढू नका, टेकून बसू नका, जवळपास लघवीला जाऊ नका.

डोंगराकडे एका बोटाने दाखवू नका, तळहात उघडा ठेवून दाखवा. पवित्र डोंगराच्या समोर असताना त्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत. 'खैरखान' असा आदराचा शब्द वापरतात. घरातल्या थोरांना नावाने हाक न मारणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम पाळणं जड जाऊ नये. खदग बांधायचा असेल तर स्थानिक माणसाला विचारून बांधा आणि झाडाला बांधू नका. मोठी तखिलगा चालू असेल तर कॅमेरा काढण्याआधी विचारा.

ट्रेकला वाटेत आपण दगडावर दगड रचतो, तेही ओवोच का?

नाही. वाट दाखवण्यासाठी रचलेले दगड उपयोगाचे आणि गंमत म्हणून रचलेले केवळ फोटोचे. मंगोलियात गेल्यावर स्वतःच्या हौसेने नवी रास रचू नये. ओवो कुठे असावा हे तिथे लामा, शमन किंवा मुलखातले वडीलधारे ठरवतात.

तखिलगा पाहायची तर कधी जावं?

जून ते सप्टेंबर हा काळ धरावा. तारखा चांद्र पंचांगाप्रमाणे बदलतात आणि अनेकदा थोडे दिवस आधीच कळतात, म्हणून शहरात बसून नियोजन करण्यापेक्षा एखाद्या जिल्ह्यात, तिथल्या भाषेत 'सुम'मध्ये, चार दिवस मुक्काम करून विचारपूस करणं बरं. थंडी सोसत असेल तर फेब्रुवारीच्या आसपास येणारं 'त्सागान सार' हे चांद्र नववर्षही आहे. त्याच्या पहिल्या दिवशी पहाटे पुरुषमंडळी जवळच्या टेकडीवरच्या ओवोकडे जातात आणि वर्षाचा पहिला सूर्योदय तिथे पाहतात. तापमान शून्याखाली २० अंशांच्या खालीही जातं. लोकरीचे मोजे आणि चांगली टोपी बरोबर ठेवा.